मगरीच्या पाठीवर सहा रविवार

शुक्रवार, ५ जानेवारी

आज प्लास्टर रूममध्ये बँकेतल्या कॅशियरबाई आल्या. डावं मनगट मोडलेलं. आमच्या रजिस्टरमध्ये 'कसं लागलं' असा एक रकाना आहे. बावीस वर्षं मी तो भरतोय. दहातले आठ जण 'पायरीवरून घसरलो' असं सांगतात. एवढ्या पायऱ्या या शहरात नाहीत. बाई मात्र ताठ मानेने म्हणाल्या, लिहा, मगरीच्या पाठीवर सायकलवरून पडले.

मगरीची पाठ म्हणजे टेकडीवरची उताराची वाट. वरच्या पाण्याच्या टाकीपासून निघते, खाली पार्किंगपाशी संपते. खडकच खडक. जाड टायरची माउंटन बाइक लागते. मनगट मोडलं तरी सांगताना बाईंचे डोळे चमकत होते. मी प्लास्टरचा रोल बादलीत बुडवून बुडबुडे थांबायची वाट बघत होतो. मनात आलं, इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या पराक्रमावर प्लास्टर चढवतोय. आपला पराक्रम कुठाय?

प्लास्टर सेट झाल्यावर नेहमीप्रमाणे हात जोडले. कामाच्या आधी एकदा आणि काम पुरं झालं की एकदा. गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय. आजवर चुकलेली नाही.

संकल्प: पन्नाशीच्या आत मगरीची पाठ उतरायची. पन्नाशी १२ फेब्रुवारीला. सहा रविवार हातात आहेत. भरपूर झाले.

शनिवार, ६ जानेवारी

मेव्हण्याकडची माउंटन बाइक आणली. त्याने पोट कमी करायला घेतली होती. सायकल नवीकोरी आहे. पोटही जसंच्या तसं आहे.

हिने एकच अट घातली. घरात एक जरी प्लास्टर दिसलं, तरी सायकल माझ्या भावाकडे परत, आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. मी लगेच कबूल झालो. पडलेल्यांची हाडं रोज बघणाऱ्याला पडायचं कसं नाही हे शिकवायला नको.

रविवार, ७ जानेवारी. सकाळी ६.३०

टाकीपाशी पोचलो. (सायकल ढकलत. चढ हा विषय वेगळा.) उजवीकडे नुसता कडा, दगड कोसळून पडलेले. तिथून सायकल जाणं शक्यच नाही. म्हणजे वाट डावीकडचीच. हात जोडले, निघालो.

पडलो असं म्हणता येणार नाही. तीनदा सायकलवरून उतरलो. त्यातल्या दोन वेळा तसं आधी ठरवलेलं नव्हतं.

वाटेत एक बाक आहे. जखमींसाठी असावा. मीही वापरला.

शनिवार, १३ जानेवारी

गुडघ्यांसाठी बाजारात ढाली मिळतात. आपण कशाला घ्यायच्या? घरीच दोन्ही गुडघ्यांना प्लास्टरच्या केल्या. आत कापूस, कडा गुळगुळीत. इतकं सुबक काम मी रुग्णांवरही क्वचित केलं असेल. सायकलवर बसल्यावर लक्षात आलं की गुडघा वाकत नाही. कामात दोष नाही. सायकलची रचना चुकीची आहे.

तेवढ्यात ही भाजी घेऊन आली. दाराशीच थांबली. म्हणाली, एक म्हटलं होतं, तुम्ही दोन लावून बसलात. मी नीट समजावलं की आत हाड शाबूत आहे, त्यामुळे अट मोडत नाही. अर्धा तास वाद चालला. मी ताठ पायांनी उभा राहून बाजू मांडली, कारण बसता येत नव्हतं. शेवटी या वेळेपुरतं सोडते, म्हणाली. कापायचं मशीन दवाखान्यात. भाजीच्या सुरीने दीड तास लागला.

रविवार, १४ जानेवारी

चांगली प्रगती. दोनदाच उतरलो.

दोन आजीबाई पायीपायी माझ्यापुढे निघून गेल्या. गप्पा मारत. या वयात मगरीची पाठ! मनोमन नमस्कार केला. एक आजी वळून म्हणाली, सावकाश रे बाळा. एक वीर दुसऱ्याला ओळखतोच.

रविवार, २१ जानेवारी

माणसं किती बेजबाबदार असतात. एक बाप तान्ह्या लेकराला बाबागाडीत घालून ही वाट चढत होता. मला राहवलं नाही. थांबवून सुनावलं, की अहो, इथे मोठमोठ्यांची मनगटं मोडतात आणि तुम्ही दूधपितं पोर घेऊन येता? तो माझ्याकडे बघत राहिला, मग आजूबाजूला बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. तुम्हाला बरं वाटतंय ना, असं विचारून गेला. शरमिंदा झाला असणार.

रविवार, २८ जानेवारी

वळणावर एक झुडूप आडवं आलं. कोपर काळंनिळं झालंय. दिवसभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. जेवताना हिने बाही वर केलीच. मी म्हटलं, कपाट लागलं. ही म्हणाली, कपाट चालत आलं का? तिने हळद लावली, जरा जोरातच. सोसतं का, असंही विचारलं. सोसतं म्हटलं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

आमच्या प्लास्टर रूममधल्या जोडीदाराला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण कॅन्टीनपर्यंत आधीच पोचलं होतं. बहुतेक माझ्याकडूनच. तो म्हणाला, पन्नाशीत हाडं खडूसारखी होतात राजा, तुझ्या नावाचा रोल बाजूला काढून ठेवतो. मी म्हटलं, ठेव, धूळ खात पडेल.

रविवार, ४ फेब्रुवारी

गेलो नाही. वारा उलटा होता. शिवाय एका पायडलचा आवाज येतो. शिवाय काल एक जण आला, मांडीचं हाड मोडलेला. तोही सायकलवाला. त्याचा ओरडा कानातून जात नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

खरं ते इथे लिहायला हरकत नाही. भीती वाटते. शाळेत असताना काकांच्या मोठ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून शेजारच्या गावापर्यंत जायचो, तेव्हा पडायची भीती नव्हती. पडायचोही. त्यानंतर आयुष्यात पडण्यासारख्या जागी कधी गेलोच नाही. बावीस वर्षं कोरडा उभा आहे, बादलीच्या बाजूला. देवाकडे कधी काही मागितलं नाही. आज मागितलं. एकदा, वरपासून खालपर्यंत, पाय न टेकता. नंतर सायकल गेली तरी चालेल.

(शेवटचं वाक्य खोडावं का? राहू दे. तसं होणार नाही.)

रविवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळ. डाव्या हाताने

उतरलो. मगरीची पाठ, वरपासून खालपर्यंत. एकदाही पाय टेकला नाही. झुडूप चुकवलं. बाकाकडे बघितलंही नाही. आजीबाईंनी बाजूला होऊन टाळ्या वाजवल्या. खाली पार्किंगच्या सपाट फरशीवर आलो. काम पुरं झालं.

हात जोडले.

दोन्ही.

सायकल अजून चालत होती. उजवं मनगट.

जोडीदाराची रविवारची ड्युटी होती. रोल खरंच काढून ठेवला होता. ही शेजारी उभी. म्हणाली, अहो, देव काय पळून चालला होता? थांबून जोडले असते तर त्याला पोचले नसते का? मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग पुन्हा म्हणाली, थांबून जोडायचे ना.

जोडीदाराने रजिस्टर उघडलं. कसं लागलं? ही म्हणाली, लिहा, सपाट जमिनीवर. मी उठून बसलो. म्हटलं, तसं काही नाही. लिही, मगरीच्या पाठीवर. मोठ्या अक्षरात लिही. त्याने लिहिलं.

बावीस वर्षांत त्या रकान्यातली माझी पहिली नोंद. लपवण्यासारखी नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

पन्नास पूर्ण. मेव्हणा येऊन सायकल घेऊन गेला. जाताना म्हणाला, भावोजी, सायकलला निदान बाहेरचं जग दाखवलंत. मी खिडकीतून बघत राहिलो. वाकून खिडकीबाहेर बघायला हिनेच उशी दिली.

सायकल जाऊ दे. मगरीची पाठ उतरलेला माणूस या घरात राहतो. हे कुणाचा भाऊ घेऊन जाऊ शकत नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पुन्हा एक्स-रे काढायला दवाखान्यात गेलो. कॅशियरबाई प्लास्टर कापून घ्यायला आल्या होत्या. माझा हात बघितला. मी सगळं सांगितलं. वाट, वळण, झुडूप. आजीबाईंच्या टाळ्याही सांगितल्या. तिथे बाईंनी विचारलं, टाकीपासून कुठल्या बाजूने उतरलात? म्हटलं, डावीकडून. उजवीकडे तर कडाच आहे.

बाईंनी आपल्या मोकळ्या झालेल्या मनगटावरचा कापूस झटकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, काका, तो कडा म्हणजेच मगर. डावीकडची सकाळी फिरायला जाणाऱ्यांची वाट आहे. माझी आई रोज जाते.

जोडीदाराने मशीन बंद केलं. बाई गेल्यावर मी त्याला म्हटलं, रजिस्टर काढ. माझी रविवारची नोंद खोड. काय लिहू, म्हणाला. म्हटलं, पायरीवरून घसरलो.

पेन टेकवून त्याने विचारलं, किती पायऱ्या?

एकच, म्हटलं. पण उंच होती.