मनीला काय आवडतं

मनी,

माझी दुपारची पाळी आहे, बस घेऊन निघतोय. आठपर्यंत येईन. आईचा फोन आला होता. टाके कोरडे आहेत, डॉक्टर सोमवारी घरी सोडतो म्हणाले. तेव्हा काळजी करत बसू नकोस.

सकाळी शेतकरी बाजारात गेलो होतो. आई ज्यांच्याकडून भाजी घेते त्या मावशींनी विचारलं, "तुमच्या मुलीला काय आवडतं?" मी म्हटलं, "सगळं खाते." त्या हसल्याच. "म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही!" खरंच नव्हतं. तुझ्या आईशी लग्न होऊन तीन वर्षं झाली, रोज एका टेबलावर जेवतो आपण, आणि मी आपला मान खाली घालून जेवत आलो. फार ओशाळल्यासारखं झालं. मग शेंगा, भोपळा, पालक, मुळा, सगळंच थोडं थोडं घेतलं.

भोपळ्याचं सूप शेगडीवर झाकून ठेवलंय. मीठ दोनदा पडलं, म्हणून वरून बटाटा घातलाय. घशाखाली उतरलं नाही तर पाव-अंडी आहेत; माझं मन राखायला खाऊ नकोस.

आणखी एक. बाजारातल्या मावशी "तुमची मुलगी" म्हणाल्या आणि मी त्यांना अडवलं नाही. आधी तुला विचारायला हवं होतं. राग आला असेल तर सरळ सांग, मी त्यांना खरं काय ते सांगेन.

नसेल आला, तर बाजार उद्याही भरतोय. पिशवी मी धरतो, भाजी तू निवड.

काका