मंगळवारच्या तासाची हजेरी

७ सप्टेंबर २००४, मंगळवार

आज तासाला तिघे चक्क घोरत होते. चौथ्याने विचारलं, "बाई, कैद्याला मारायचं नाही, कळलं. पण तो फारच उर्मट असेल तर?" तेवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, इतका निर्ढावलेला वर्ग पाहिला नाही — आणि इथे प्रत्येकाच्या मांडीवर बंदूक!

कॅप्टन लिसकानो मात्र खुशीत. अमेरिकेची मदत हवी तर बटालियनने मानवी हक्क शिकलेच पाहिजेत, अशी अट. म्हणून दर मंगळवारी सकाळी मी, खडू आणि हजेरीपट. "बाई, तुमच्या सहीवर दोन हेलिकॉप्टरं अडलीत," म्हणाला. माझ्या सहीने आजवर शाळेला नवा फळासुद्धा आला नाही!

१० सप्टेंबर

अमेरिकेला पाठवायचा कॅप्टनचा फॉर्मही मीच भरला. माझं अक्षर चांगलं, ही त्याची शिक्षा. एक रकाना होता — 'शांततेत झालेली प्रगती'. "लिहा, चाळीस टक्के," म्हणाला. असेलही. जवळपास निम्मं गाव घरं सोडून गेलंय, शांतता नसेल तर काय!

१४ सप्टेंबर, मंगळवार

दाढ!! रात्रभर जीव खाल्ला. तास रद्द म्हणून निरोप धाडला आणि पहिल्या बसने दातांच्या डॉक्टरकडे. त्याने दाढ उपटली की जबडा, अजून कळत नाही. संध्याकाळी परतले. शेजारची नुबिया गुळाचं गरम पाणी घेऊन आली. नवऱ्यावर चिडली होती. "एवेलिओ सकाळी दूध घालायला गेला तो अजून नाही. येऊ दे, बघतेच त्याच्याकडे!"

१५ सप्टेंबर

कॅप्टन हजेरीपट घेऊन दारात. अमेरिकेचे पाहुणे तपासायला येणार, एकही मंगळवार रिकामा दिसायला नको. "तुमच्या दाढेचं त्यांना काय सांगत बसू, बाई?" गाल सुजलेला, बोलवतही नव्हतं. केली सही. पस्तीसच्या पस्तीस हजर.

१७ सप्टेंबर

एवेलिओ नाहीच. दुधाचे कॅन पुलाजवळ सापडले. भरलेले.

१९ सप्टेंबर, रविवार

रेडिओवर सांगितलं — मंगळवारी चकमकीत एक बंडखोर ठार. बंडखोर म्हणजे आमचा एवेलिओ! ज्याला कोंबडी कापवत नव्हती, तीही नुबियाच कापायची. नुबियाला प्रेत दाखवलं तर पायात बंडखोर घालतात तसे कोरे लष्करी बूट. नुबिया म्हणाली, "त्याच्या मापाचे तरी घालायचे होते." ती रडली नाही. मीच रडत बसले.

२२ सप्टेंबर

बोगोटाहून सरकारी वकीलबाई आली चौकशीला. डोक्यावर ही एवढी हॅट — दोन कोंबड्या आरामात अंडी घालतील! पुलाजवळच्या म्हातारीने तिला सांगितलं, "चौदा तारखेला, मंगळवारी सकाळी सैनिकांनी एवेलिओला ट्रकमध्ये घातलं, मी पाहिलं."

कॅप्टनने शांतपणे हजेरीपट पुढे केला. "त्या वेळी माझी सगळी माणसं मानवी हक्कांच्या तासाला होती. ही बाईंची सही."

गोऱ्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. वकीलबाईने मला विचारलं, "सही तुमचीच?" कॅप्टन माझ्याकडे बघून हसत होता. "हो," म्हटलं. खुर्ची सरकवून उठले. बाहेर नुबिया उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

२३ सप्टेंबर

डॉक्टरकडे गेले. म्हटलं, चौदा तारखेला मी तुमच्या खुर्चीत होते, एवढं लिहून द्या. दार अर्धंच उघडून म्हणाला, "मी तुम्हाला ओळखत नाही, बाई." माझी दाढ उपटणारा माणूस! कोणीतरी माझ्याआधी येऊन गेलं होतं.

घरी आले तर कॅप्टनचा निरोप — हेलिकॉप्टरं मंजूर. पहिली फेरी बाईंना!

२४ सप्टेंबर

वकीलबाई, ही वही तुमच्या हातात देते आहे. चौदा आणि पंधरा तारीख आधी वाचा. हॅटचं मनावर घेऊ नका. आणि नुबियाला सांगा — त्या मंगळवारी तासाला कोणीच नव्हतं.