सापळ्यात एकावन्न पतंग

३ जुलै
रोज लिहायचं ठरवलंय. नाहीतर घरातले नंतर मलाच नावं ठेवतात. मक्यात सापळा टांगला. आत वासाची गोळी, पतंग येतो आणि अडकतो. मुलगा म्हणाला, आई, यंदा गाईंपुरता मका आला तर इथेच राहू, नाहीतर गाई घेऊन सासऱ्यांकडे जातो. जातोय कुठे! मी बसलेय ना.

६ जुलै, सकाळी
एकोणीस पतंग! औषधवाला बजावत होता, पतंग वाढले की लगेच फवारा. औषध विकणारा दुसरं काय सांगणार? एकोणीस अडकले म्हणजे एकोणीस कमी झाले. चौथीपर्यंत शिकलेय मी.

९ जुलै
एकावन्न. सून म्हणे, आई, यात नुसते नर सापडतात, अंडी मादी घालते. म्हटलं, अगं, नवरेच गेल्यावर त्या काय करणार?

१२ जुलै
पानांवर भोकं. एका ओळीत, मशीनने पाडल्यासारखी. वाऱ्याने झाली असतील. सून मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत बोट घालून बघत होती. ओरडले. पीक चिवडतात का असं?

१५ जुलै, दुपारी
फवारलं एकदाचं. भर उन्हात, सगळी पानं वरून धुऊन काढली. सून मागे मागे, औषध सुरळीत सोडा, सुरळीत सोडा. तिथे ओला भुसा साचलाय. कुठून येतो कोण जाणे. रोज थोडा वाढतो.

१७ जुलै
शेजारच्या म्हाताऱ्याने स्वतःचा मका नांगरून टाकला. घाबरट. मग कुंपणाशी उभा राहून माझा मका बघत होता.

१९ जुलै
वारा बंद. तरी मक्यात बारीक कुरकुर, चारी बाजूंनी. कानात मळ झालाय. उद्या तेल घालायचं.

२१ जुलै
मुलाने मक्याचं एक ताट चिरून समोर धरलं. आत अळी, करंगळीएवढी. म्हटलं, एकच तर आहे. तो म्हणाला, सगळ्या ताटांत एकेकच असते, दुसरी आली की पहिली तिला खाते. गाईंनी मका हुंगून तोंड फिरवलं. माजल्यात.

२४ जुलै
गाई गेल्या. चार दिवसांसाठी, असं सून म्हणाली. मुलगा सासऱ्यांकडे पोचवायला गेला. टेम्पोत सुनेचं शिलाई मशीनही चढवलं. चार दिवसांत एवढं काय शिवणार, विचारायचं राहिलं.