एकशे दहा, सत्तर

३ तारीख
आले बाई एकदाची! नवं गाव, वरच्या मजल्यावरची खोली, आरोग्यसेविकेची नवी नोकरी. नवरा दोन महिने परगावी, म्हणजे राज्य माझंच. माझ्या यादीत नऊ गरोदर बाया, दहावी मी स्वतः, सातवा लागलाय. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या वरच्या नर्सने, माझंही नाव टॅबमध्ये चढवलं. म्हणाल्या, लोकांचं बघताना स्वतःला विसरू नकोस गं. घरी जायचं, रक्तदाब मोजायचा, सूज बघायची, आकडे भरायचे, की नावापुढचा लाल ठिपका हिरवा होतो. मला तर खेळणंच मिळालं.

९ तारीख
टेकडीवरच्या शिवणवालीकडे गेले. शंभर पायऱ्या, जीव मेटाकुटीला आला! तिला आठवा, तरी मशीन चालूच. रक्तदाब एकशे दहा, सत्तर. माझ्या पोटाकडे बघून हसली. म्हणाली, दोन्ही बाळांना या फुलाफुलांच्या कापडाची झबली शिवते.

२३ तारीख
आज पुन्हा शिवणवालीच्या भेटीचा दिवस. पाय जड झालेत, आणि खरं लिहायचं तर कंटाळा आला. टॅबमध्ये सोय आहे, ‘मागचेच आकडे भरा’. पडल्यापडल्या बोट टेकवलं. एकशे दहा, सत्तर. सूज नाही. डोकेदुखी नाही. हिरवा.

२७ तारीख
शिवणवाली गेली. रक्तदाब चढून झटके आले. बाळही गेलं.
तिची सासू ऊर बडवत सांगत होती, पाच दिवस डोकं दुखत होतं पोरीचं. दवाखान्यात न्यायला गाडी मागितली, तर मोठ्या बाई टॅब बघून म्हणाल्या, सगळं ठीक आहे, आराम करू द्या.
मोठ्या बाईंनी मला विचारलं, तेवीसला गेली होतीस ना? मी हो म्हणाले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३० तारीख
तिचं नाव यादीतून काढलं होतं. आज परत आहे. भेट झाली, एकशे दहा, सत्तर. मी भरलेलं नाही. काढून टाकलं. जेवून येते तर पुन्हा तिथंच.

२ तारीख
माझ्याही नावापुढे भेट झाल्याची नोंद. भेट देणारी — शिवणवाली.
दाराच्या कडीला झबलं अडकवलंय. फुलाफुलांचं.

४ तारीख
डोकं ठणकतंय. चपला पायात शिरत नाहीत. स्वतःचा रक्तदाब मोजला — एकशे सत्तर, एकशे दहा. टॅब घेतच नाही. भरलं की बदलतं. एकशे दहा, सत्तर. हिरवा.
मोठ्या बाईंना सांगायचं तर तेवीस तारखेचंही सांगावं लागेल. कुठल्या तोंडानं?

५ तारीख, दुपार
डोळ्यांपुढे काजवे. शेवटी फोन केला, गाडी मागितली. बाई हसल्या — पहिलटकरणी घाबरतातच गं, तुझा ठिपका हिरवा आहे, आराम कर. ओरडून सांगितलं, खोटं आहे ते, तिच्याही वेळी मीच घरी बसून — फोन केव्हाच बंद झाला होता.

जिन्यात पावलं. दम लागलाय तिला — दार मी उघडलेलं नाही —

टॅबवर बोट टेकतंय. माझं नाही.
सूज नाही.
डोकेदुखी ना—