सोनेरी गरुडाने चुकवलेलं लग्न

प्रिय फिलोमिना,

तुला आणि तुझ्या नव्याकोऱ्या क्लेटसला माझे आशीर्वाद (तुझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी आहे, देऊ शकते). गुडघा कसा आहे? वेदीपुढे टेकवताना दुखला का गं? मी असते तर कोपराला धरून हळूच उठवलं असतं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या लग्नात फुलं मी धरायची, हे शाळेच्या धुलाईघरामागे ठरलं होतं. माझ्या लग्नात तू अंगात ताप असताना धरलीस. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तू एकदाची बोहल्यावर चढलीस, तेव्हा मी कुठे? इंडियानातल्या मक्याच्या शेतात, जर्दाळू रंगाचा झगा घालून, ट्रकमध्ये.

याला कारण वर्ननचा ट्रकमधला रेडिओ, ज्यावर ट्रकवाले आपसात बोलतात तो. प्रत्येक ट्रकवाल्याकडे हल्ली तो असतो आणि प्रत्येकाने स्वतःचं नवं बारसं केलेलं असतं. आमचे हे 'सोनेरी गरुड' (चष्म्याशिवाय टेबलावरची मीठदाणी सापडत नाही). तर हायवेवर असताना रेडिओवरून कुणी 'चिखलसम्राट' नावाचा ओरडला, पुढे पुलावर कांद्याचा ट्रक आडवा झालाय, सगळं बंद, धान्याच्या कोठारापाशी वळा आणि शेतातल्या रस्त्याने पुलापलीकडे निघा.

"बघितलंस, बर्निस? रेडिओ नसता तर अडकलो असतो!"

"वर्नन, आपल्याला चर्चला जायचंय. सरळ चल."

"तुला यातलं काही कळत नाही."

वळलो. फिलो, ते आवतण एकट्या गरुडाला नव्हतं. हायवेवरचा झाडून प्रत्येक ट्रक त्या बैलगाडीएवढ्या रस्त्यात शिरला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, सर्वांत पुढे मका कापायचं यंत्र घेऊन एक शेतकरी, त्याला कसली घाई? आणि कुंपणापलीकडे हायवे! कांदे केव्हाच उचलले होते. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ती साधी माणसं भुर्रकन निघून जात होती. आणि आमचे हे विद्वान एकमेकांना बजावत होते, "या रस्त्याला येऊ नका रे, फार कोंडी आहे!"

मी वर्ननच्या हातातून माइक ओढला आणि आपल्या शाळेतल्या सिस्टर इग्नेशियांच्या आवाजात विचारलं, "चिखलसम्राट, खरं नाव सांग. आणि पूल तू डोळ्यांनी पाहिलास का?"



"ड्वेन, बाई. पाहिला नाही. मला कुणीतरी सांगितलं."

"आहेस कुठे?"

"तुमच्या मागेच, बाई. निळा ट्रक."

"ही मावशी कोण रे?" कुणीतरी मध्येच.

"गप बस, गरुडाची बायको आहे. गरुडा, आज जेवायला मिळणार नाही बघ!"

मी त्यांना तुझ्या लग्नाचं सांगितलं, आणि सांगताना रडू फुटलं, याचीही मला चीड आली. मग त्या बावळटांनी तुमच्या शपथेच्या वेळेला एकदम भोंगे वाजवले. एकाचाही सूर लागला नाही. गाई पळाल्या. मी रिकामे हात पोटाशी धरून बसले होते.

म्हणे क्लेटसच्या वहिनीने फुलं धरली. ती बाई फुलं झाडूसारखी धरते.

तुझीच,
बर्निस

ता. क. : तुझा कॉफीचा संच ट्रकमध्ये आहे. दोन कप फुटले (वर्ननने 'जवळची वाट' घेतली).

ता. क. २ : शनिवारी दुपारी तुमच्या गावावरून जातोय. क्लेटसच्या गाडीत रेडिओ आहे, मला माहीत आहे. तू माझ्याशी बोलू नकोस. नुसतं बटण दाब आणि मला शिव्या दे, मी ऐकत असेन.

ता. क. ३ : तेही केलं नाहीस, तर हायवे बंद असून वळणरस्ता तुझ्या दारावरून जातो, आणि तिथे ॲपल पाय फुकट खायला मिळतो, हे मी स्वतः जाहीर करेन. हे लोक काहीही ऐकतात.