काट्यावर न गेलेली साखर

लासुर्णे,
शुक्रवार

ती. रतनअक्काच्या पायांवर धाकट्या हिंदुरावाचे डोके. तुझी तब्येत, दाजींचा गुडघा आणि भिगवणची हवा, तिन्ही ठीक असतील असे धरून चालतो. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकून दारात बसतेस आणि माझे दुखणे शेजारच्या खानावळीतली गिऱ्हाइकेही ऐकतात. म्हणून पत्र.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर काढली, हे तुला ठाऊकच आहे. तीन महिन्यांत उतरली तर गोळ्यांवर भागेल, नाही तर तुझ्यासारखे रोजचे इंजेक्शन, असे त्यांनी बजावले. सुईला मी भीत नाही (फक्त ती दिसली की मला कपाट धरून उभे राहावे लागते). तेव्हा आहारशास्त्र मी स्वतःच हाती घेतले. तीस वर्षे साखर कारखान्याचा सभासद असलेल्या माणसाला साखरेबद्दल कोण काय शिकवणार? सवलतीची साखर घरात येऊच दिली नाही, परस्पर बिरू गड्याला देऊन टाकली. चहात गूळ घातला, कारण गूळ औषधी. तुझ्या भावजयीने चपाती बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, आणि भाकरी पथ्याची म्हटल्यावर मी दोनाच्या चार केल्या. भाकरीवर काकवी (त्यात लोह असते, हे नातू यशराजच्या मोबाइलवर आले होते). एकादशीला फक्त साबुदाण्याची खिचडी, दोन वेळा. गावात लोक मला पथ्यपाणी विचारू लागले आणि मी ते सांगूही लागलो.

माघात तपासले तर साखर वाढलेली. यंत्र बिघडले आहे, असे मी डॉक्टरांना शांतपणे सांगितले. त्यांनी तितक्याच शांतपणे पुन्हा रक्त काढले. आकडा तोच. मग मला शेजारच्या खोलीत आहार सांगणाऱ्या प्रतीक्षा मॅडमकडे धाडले. आपल्या छकुलीएवढी पोर. तिने माझा सगळा दिवस कागदावर उतरवून घेतला, गूळ, भाकरी, काकवी, सगळे. मग म्हणाली, “आबा, आन रानात काय खाता?”

मी म्हणालो, “रानात काय खायाचं? ऊसतोड चालू हाय, फडात उभा ऱ्हातो. आपलाच ऊस, चार-पाच कांड्या चघळतो.”

तिने पेन खाली ठेवले आणि ती साखरच आहे म्हणाली. मला हसू आले. शहरात शिकलेली असेल म्हणून मी तिला नीट समजावले, की बाई, ऊस आधी काट्यावर जातो, वजन होते, मग गाळप होते आणि मग कुठे साखर तयार होते. काट्यावर न गेलेल्या उसाला साखर म्हणायचे कशाच्या आधारावर?

तिने एवढेच विचारले, “मग कारखाना साखर भायेरनं आणून घालतो का, आबा?”

अक्का, तीस वर्षांत कुठल्याही सर्वसाधारण सभेत हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. मी कागद घेऊन घरी आलो. अजून विचार चालू आहे, पण माझी बाजू अगदीच पडलेली नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
हिंदुराव

ता. क. शनिवार सकाळ. विचार संपला. पोरीचे बरोबर आहे. संक्रांतीला मी तुला ‘सुया सोड, हे घे’ म्हणून गुळाची ढेप आणि काकवीची बरणी पाठवली होती, त्यांना हात लावू नकोस. माझे ऐकून इंजेक्शन बंद केले असशील तर पत्र वाचून होण्याआधी डॉक्टरांकडे जा; टपालाला उशीर होईल म्हणून हे आजच यशराजच्या हाती धाडतो आहे. माझ्या एकट्याची साखर वाढली असती तर मी यंत्रालाच दोष देत बसलो असतो, पण तुझ्या विचाराने काल रात्रभर झोप नाही.

आणखी एक. माझे इंजेक्शन उद्या रविवारी सुरू होते आहे. तुझ्या भावजयीचा हात थरथरतो आणि यशराजला हसू येते. आठ वर्षे तू स्वतःच्या हाताने टोचून घेतेस आणि मी तुला भित्री म्हणत आलो. सकाळच्या गाडीने ये. आधी तुझे तू घे, मी बघेन. मग माझा हात धर.