धाकटीच्या मानेवर गच्चीचा रंग

अगं, आधी नुसतं ऐक, मग काय ओरडायचं ते ओरड. तुझी धाकटी बहीण आतल्या खोलीत पडलीय. आज दिवसभर आम्ही गच्चीवर तो ऊन अडवणारा पांढरा रंग मारत होतो. साहेब फोटो काढणार, तोंडं दिसायला हवीत म्हणून मुकादमानं सगळ्यांच्या टोप्या नि ओढण्या काढायला लावल्या. धाकटीची मान भाजून फोड आले. ती मुकादमाला म्हणाली, "दादा, उन्हाचं क्रीम तरी लावू दे." तर त्यानं रोलर रंगात बुडवला आणि सरळ तिच्या मानेवरून फिरवला! वर दात काढून म्हणतो, "गच्ची गार राहते, तूपण राहशील!"

ती अशी किंचाळली गं, माझं डोकंच फिरलं. मी रोलरचा दांडा हिसकावला आणि त्याच्या थोबाडावर तीनदा हाणला. दोन दात तिथंच पडले.

तिची मान अर्धा तास नळाखाली धुतलीय. तेल, बर्फ काही लावू नकोस, तिला लगेच डॉक्टरकडे ने. मुकादमाची माणसं मला शोधतायत. मी सोबत असले तर तिलाही मारतील, म्हणून मी आपणहून चौकीत चाललेय. तिसरा फटका तो खाली पडल्यावर मारला, तेही सांगणार आहे.

खरं सांग, तू असतीस तर दोनवर थांबली असतीस?